बूच निवडणारं नाक

मंगळवारी दुपारी आम्ही दोघांनी घरच्या द्राक्षासवाच्या सात बाटल्या बंद केल्या. आम्ही बरोबर केलेलं शेवटचं साधं काम ते.

मागच्या पडवीत बायको पाटावर बसली होती. पुढ्यात कोमट पाण्याचं घमेलं, त्यात बुचं. मी भिंतीला टेकून सुसर मांडीवर घेऊन बसलेलो. सुसर म्हणजे बूच दाबायचं लोखंडी अवजार. लांब जबडा, आत दाते, मागं शेपटीसारखी दांडी, म्हणून आम्ही सुसर म्हणायचो. बूच जबड्यात घालायचं, दांडी दाबायची, बूच नरम पडतं आणि बाटलीच्या गळ्यात उतरतं. तिनं एक बूच पाण्यातून काढलं, मुठीत धरलं, थोडं थांबली, मग मूठ नाकाशी उघडली. जुनी सवय. मग ते माझ्यासमोर धरून म्हणाली, "बघा बरं, कसं हाय."

मी वास घेतला. डोळे मिटून, मान तिरकी करून, कारखान्यात पाहुण्यांसमोर घ्यायचो तसा.

"चांगलं आहे," म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बूच चांगल्यांच्या ढिगात ठेवलं. असं सात वेळा झालं.

त्या बुचाचा मला काहीही वास आला नव्हता. मला कुठल्याच बुचाचा कधी वास आलेला नाही. मिसरूड फुटल्यापासून मी तपकीर ओढतो, माझं नाक लग्नाआधीच मेलेलं आहे. तिचं नाक दोन वर्षांपूर्वी गेलं. म्हणजे त्या दुपारी पडवीत वास येणारं कोणीच नव्हतं, आणि तरी मी परीक्षा केल्याचं सोंग केलं. बायको समोर, तिसरं माणूस नाही, आणि मी सोंग करतोय. बुधवारी पहाटे तिच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी सुई दिली. शुक्रवारी दुपारी ती गेली.

आमच्या गल्लीतले मास्तर दिवाळीचा अंक काढतात. ते म्हणाले, "दादा, तुम्ही बुचातले दर्दी. हल्ली लोक घरी आसव करतात, वाइन करतात. बूच कसं निवडावं ते लिहा. दोन गमती घाला." मी चौथीत शाळा सोडली. शुद्धलेखन मास्तर सुधारतील. मजकुराला हात लावायचा नाही या बोलीवर लिहितो आहे.

आधी बुचाचं सांगतो, कारण ते विचारलं आहे.

बूच म्हणजे एका झाडाची साल. ते झाड आपल्याकडे होत नाही. समुद्रापलीकडून साल येते आणि मुंबईचे व्यापारी बुचं पोत्यांनी पाठवतात. चांगलं बूच चिमटीत दाबलं तर दबतं आणि सोडलं की फुगून जागेवर येतं. दबून तसंच राहिलं तर ते मेलेलं. करकरलं, पीठ पडलं, तर चुलीत घाला. मग भोकं बघा. सालीला बारीक भोकं असतातच. आडवी असली तर चालतात. वरच्या तोंडापासून खालच्या तोंडापर्यंत गेलेलं एक जरी असलं तरी ते बूच कामाचं नाही, बाटली त्यातून रडत राहील. जाडी बघायची तर कोरडं बूच बाटलीच्या तोंडावर ठेवा. नुसत्या बोटानं आत जात असेल तर घेऊ नका. महिन्या-दोन महिन्यांत पिऊन संपवायचं असेल तर आखूड बूच पुरतं, करंगळीच्या दीड पेराएवढं. वर्षभर ठेवायचं असेल तर लांब घ्या आणि बाटली आडवी ठेवा, म्हणजे आतल्या रसानं बूच ओलं राहतं. उभी ठेवली की बूच सुकतं, आकसतं, हवा शिरते आणि आत सिरका होतो. वैद्याच्या फळीवर बाटली उभीच असते, म्हणून आम्ही बुचावर लाखेचा थर द्यायचो.

आणि घाई करू नका. मनुका, गूळ, धायटीची फुलं घालून पिंप झाकलं की आत महिनाभर उकळी चाललेली असते. आमच्याकडे धायटी धूलकोटच्या डोंगरातून यायची. पेटती काडी पिंपाच्या तोंडाशी धरा. विझली तर काम चालू आहे. जळत राहिली तर आसव शांत झालं. त्याआधी बूच मारलं तर एक तर बूच छताला लागेल नाही तर बाटली फुटेल. तोवर कापसाचा बोळा लावा. नवं बूच उकळू नका, चुरा होतो. गरम पाण्यात थोडा वेळ बुडवलं की पुरे.

एवढं मला येतं. हे डोळ्याचं आणि हाताचं काम आहे आणि ते मी चांगलं करायचो. सबंध गाड्या भरून बाटल्या मी बंद केल्या आहेत आणि एकही गळली नाही. याचा मला अजून माज आहे. राहिलं नाकाचं काम. ते पुढं सांगतो.

मी वैद्यबुवांच्या औषधी कारखान्यात होतो. कारखाना म्हणजे एक मोठं अंगण, दोन पत्र्याच्या खोल्या, सागवानी पिंपांची एक अंधारी खोली आणि बाटल्या धुणाऱ्या सहा बायका. त्यांत रखमा पुढारी. जैनाबादची. रोज तापी ओलांडून यायची आणि वाटेत जे दिसेल त्यावर दिवसभर बोलायची.

जर्मनीशी लढाई लागली आणि बुचं यायची बंद झाली. बुवांनी मग बाटल्या गोळा करणाऱ्यांकडून वापरलेली बुचं पोत्यानं घेतली. त्यात सगळ्या जगाची घाण. टिंक्चरची, फिनेलची, घासलेटची, माशाच्या तेलाची. सोडा घालून ती उकळली, उन्हात वाळवली, की सगळी सारखी दिसायची. पण घासलेटच्या बाटलीचं एक बूच जरी आसवावर बसलं तर आठ दिवसांत अख्ख्या बाटलीला घासलेट चढतं. बुवा मला म्हणाले, "घरी ने, निवांत बसून निवड."

मी पोतं घरी आणलं. ती म्हणाली, "हे काय आणलं?" मी सांगितलं. तिनं एक उचललं, हुंगलं आणि नाक मुरडलं. "याच्या बाटलीत बाम होता." दुसरं उचललं. "हे बाळंतिणीच्या खोलीतलं हाय, शेपा-ओव्याचा वास मारते." तिसरं उचलून हसायलाच लागली. "अहो, हे तुमच्या मामाचं." माझ्या मामाच्या अंगाला कायम माशाच्या तेलाचा वास यायचा, असं ती म्हणायची. मला तेही कधी कळलं नव्हतं.

आठवड्याभरात तिनं रीत बसवली. कोरड्या बुचाला वास नसतो, तो आत दडून असतो. ओलं आणि कोमट झालं की बाहेर येतो. म्हणून बूच कोमट पाण्यात टाकायचं, काढून मुठीत दाबायचं, मुठीच्या उबेत थोडं राहू द्यायचं आणि मग मूठ नाकाशी उघडायची. पाच बुचं झाली की स्वतःचा पदर हुंगायचा, म्हणजे नाक परत कोरं होतं. तिला मशेरीची सवय होती, माहेरची. ती सोडली. पंधरा दिवस डोकं धरून बसली, पण सोडली. बुचांच्या दिवशी घरात लसूण नाही, गजरा नाही. मी म्हणायचो, "हे काय सोवळं चाललंय तुझं?" ती म्हणायची, "लोकं पितात ते. आजारी लोकं."

कारखान्यातून त्या सालात एकही बाटली वासाची निघाली नाही. दुसऱ्या वैद्यांचा माल परत येत होता. एक दिवस बुवांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुझं नाक सोन्याचं आहे रे!"

मी त्या वेळी काय म्हणालो? काहीच नाही. खोटं बोललो नाही. गप्प बसलो आणि जरा मान खाली घातली, लाजल्यासारखी. पुढच्या वेळी पाहुणे आले तेव्हा बुवा म्हणाले, "हे आमच्या कारखान्याचं नाक." तेव्हा मी डोळे मिटून एक बूच हुंगून दाखवलं. पाहुणे खूश झाले. मग मला ते छानच जमायला लागलं. मान किती तिरकी करायची, किती वेळ थांबायचं, मग नुसतंच बूच बाजूला टाकायचं, बोलायचं नाही. एका धन्वंतरी जयंतीला मला शाल दिली. मी ती घरी आणून तिच्या हातात दिली. तिनं उलगडून पाहिली, घडी केली आणि ट्रंकेत ठेवताना म्हणाली, "डांबराच्या गोळ्या टाकू नका हं यात. बुचांले वास लागंल." बस. एवढंच बोलली.

आता गमती, मास्तरांनी मागितलेल्या.

गावाच्या पलीकडे संस्थानाची हद्द होती आणि हद्दीवर नाका. आमची बैलगाडी तिकडे माल घेऊन निघाली की मी बरोबर असायचो, सुसर आणि जादा बुचं घेऊन. कारण नाक्यावरचा जमादार दर खेपेला एक बाटली उघडायचा.

"ये दवा है के दारू?"

"दवा आहे, साहेब. द्राक्षासव."

"किस चीज की दवा?"

"अशक्तपणा, भूक न लागणं, खोकला."

जमादार तिथल्या तिथं खोकला. चांगला पोटातून खोकला. मग तपासणी व्हायची, दोन-तीन घोटांची. मी बूच परत बसवायचो. एकदा म्हणाला, "दादा, तुम्हारा बूच बहोत टाइट रहता है. मेरेवाले को ढीला लगाया करो." तेव्हापासून त्याची एक बाटली ढिल्या बुचाची वेगळी असे. संस्थानं विलीन झाली आणि नाका उठला. पहिल्यांदा न थांबता गाडी जायला लागली तेव्हा तो तिथंच लिंबाखाली बसलेला दिसला, अंगात साधी बंडी. मी गाडी थांबवून बाटली दिली. म्हणाला, "अब खाँसी का क्या मतलब?" पण घेतली.

दुसरी गंमत. खानदेशात दारूबंदी झाली आणि रावेरकडची माणसं एकाएकी अशक्त झाली. एक गृहस्थ आले, दाराच्या चौकटीत मावेनात असे. म्हणाले, "वैद्यबुवा, फार अशक्तपणा आला. बारा बाटल्या द्या."

बुवा म्हणाले, "जेवणानंतर दोन चमचे, पाण्यातून."

गृहस्थांनी विचारलं, "चमचा केवढा?"

रखमा बाटली धुता धुता इतकी हसली की तिच्या हातची बाटली हौदात पडली.

तिसरी गोष्ट गमतीची नाही, पण तीच मला सारखी आठवते. आमच्या गावच्या लालबागेत स्टेशनाजवळ एक रिटायर गार्डसाहेब राहायचे. गोव्याकडचे ख्रिस्ती, एकटे. काळ्या मनुकांची आणि जांभळांची वाइन घरी करायचे, नाताळासाठी. बुचं मागायला कारखान्यात आले, बुवांनी माझ्याबरोबर घरी पाठवलं. आम्ही आलो तेव्हा ती पडवीत घमेलं घेऊन बसलेली. गार्डसाहेब दारात उभे राहून बघत राहिले. गाडी सुटायची वेळ बघावी तसे.

"बाई, ये क्या सूँघती?"

तिनं पदर सावरला आणि मूठ पुढं केली. "तुमीच पाहा."

साहेबांनी हुंगलं. "टिंक्चर."

"टिंक्चर," ती म्हणाली आणि हसली. कोणीतरी पहिल्यांदा तिच्यासारखंच हुंगलं होतं.

साहेब माझ्याकडे वळले. "दादा, नाक तो इधर है. तुम क्या है?"

"मी हात," म्हणालो. हसलोसुद्धा. पण मला ते झोंबलं. फाटकापर्यंत पोचवायला गेलो तेव्हा म्हणालो, "साहेब, कारखान्यात हे बोलू नका. बुवांना चालणार नाही." बुवांना काय, मलाच चालणार नव्हतं. साहेब टोपी घालून निघाले. नाताळात एक बाटली घेऊन आले, ती माझ्या हातात दिली नाही. सरळ आत हाक मारली, "कौसल्याबाई!" आणि तिच्या हातात दिली. तिचं नाव त्यांनी कुठून काढलं कोण जाणे. आमच्या घरात त्या नावानं तिला कोणी हाक मारत नव्हतं, मी तर नाहीच. तिनं बूच काढून हुंगलं आणि म्हणाली, "साहेब, बाटल्या चुलीपाशी ठेवल्या होत्या ना?" साहेबांनी कानाला हात लावले. दोघं हसले. मी पाणी प्यायला आत गेलो. पुढं साहेब मुलीकडे भुसावळला गेले आणि मला बरं वाटलं. माणूस इतका चांगला, आणि गेला म्हणून मला बरं वाटलं, हे लिहून ठेवतो.

अशी अकरा वर्षं गेली. लढाई संपली तरी नवी बुचं भरवशानं येत नव्हती, म्हणून जुन्यांचं निवडणं चालूच होतं. नाका उठल्यावर मागणी वाढली. पूर्वी एक गाडी जायची तिथं तीन जाऊ लागल्या. तिच्यापुढचं घमेलं रिकामं होईना.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात गावात तापाची साथ आली. ती बारा दिवस पडून होती. उठली, चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "अहो, मले फोडणीचा वास येईना."

"सर्दी आहे. येईल."

दुसऱ्या दिवशी तिनं हिंगाची डबी नाकाशी धरली. मग घासलेटची बाटली. मग माझ्याकडे पाहिलं. मी असं तोंड तिचं कधी पाहिलं नव्हतं, ताप असतानासुद्धा नाही. "काहीच नाई," म्हणाली.

दसऱ्याच्या आत मोठा माल पाठवायचा होता. बुचांचं पोतं पडवीत पडलेलं. ती म्हणाली, "बुवांले सांगा, पंधरा दिवस थांबा म्हणा."

आता सांगायचं काय? बूच माझं नाक निवडतं असं सगळ्या कारखान्याला ठाऊक. मग बायकोला ताप आला म्हणून माल कशाला थांबेल? मी म्हणालो, "हातानं निवड. डोळ्यांनी बघ. इतक्या वर्षांत अंदाज आला असेल."

"मी नाई निवडणार. लोकं पितात ते."

"मग मी निवडतो."

"तुमी?" ती म्हणाली.

एवढंच. मग पाट ओढला आणि बसली. चार दिवस बसली. एक एक बूच मुठीत धरून नाकाशी न्यायची, थांबायची, पुन्हा न्यायची. मी बघत होतो. शेवटच्या दिवशी मीच तिला म्हणालो, पुरे, चांगली निवडलीस. चौथ्या संध्याकाळी पोतं शिवून मी कारखान्यात नेलं आणि बुवांनी विचारलं, "झालं सगळं बघून?" मी म्हणालो, "झालं."

दसऱ्यानंतर माल परत आला. अर्धा परत आला, अर्धा तिथल्या वैद्यांनी ओतून दिला. कोणाच्या तरी बाळंतिणीला तो पिऊन उलट्या झाल्या होत्या. बाई वाचली, पण तिथल्या वैद्यांची चिठ्ठी फार वाईट होती. बुवांनी अंगणात सगळ्यांसमोर एक बाटली फोडली. मला वास आला नाही, पण बायकांनी पदर नाकाला लावलेले दिसले.

"घासलेट!" बुवा ओरडले. "हे कुणी निवडलं?"

मी म्हणालो, "घरी बायकोनं."

अकरा वर्षांत त्या अंगणात मी तिचा विषय पहिल्यांदा काढला, तो हा.

बुवा माझ्याकडे बघत राहिले. "बायकोनं? म्हणजे या वेळी तिला बसवलंस?"

आणि मी म्हणालो, "हो. या वेळी."

रखमाचे हात हौदात थांबले. मला दिसले. मी दुसरीकडे पाहिलं.

बुवांनी सांगितलं, आजपासून एकही बूच घरी जाणार नाही. मुंबईहून नवीच मागवायची, काय वाट्टेल ते होवो. माझी नोकरी राहिली. माझ्या नाकाबद्दल तर कोणाला शंकाच नव्हती, बायकोनं घोटाळा केला होता.

मी घरी पोचण्याआधी रखमा नदीच्या वाटेवर आमच्या दारात थांबून गेली होती. बायको भाकरी करत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "या वेळी, म्हणालात?"

मी टोपी खुंटीला लावली.

"मी आधी सांगितलं होतं, वास येत नाई म्हणून. ते सांगितलं?"

"नाही."

तिनं भाकरी उलटली. "बरं," म्हणाली. मला वाढलं. सकाळी उठून पाहतो तर मशेरीची डबी घेऊन मोरीत बसलेली, अकरा वर्षांनी. मला काही तरी बोलायचं होतं. ती तोंड धुऊन झाल्यावर बोलू म्हटलं, मग चहा झाल्यावर बोलू म्हटलं, मग कारखान्याची वेळ झाली. अशी दोन वर्षं गेली. ती त्यावर पुन्हा एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. माझं उत्तर तयारही होतं, नोकरी गेली असती तर खाल्लं काय असतं, असं काहीतरी. तिनं ते कधी वापरू दिलं नाही.

घरची द्राक्षं मात्र ती दर साली आणायला लावायची. जैनाबादच्या एका मळ्यातली, आंबट, लहान. आसव घालायची, काडी पेटवून बघायची, बाटल्या भरायची. आणि मंगळवारी तिनं मला ते बूच दिलं. "बघा बरं, कसं हाय." मी तेव्हा म्हणू शकलो असतो, बाई, मला वास येत नाही, कधीच येत नव्हता, सगळं तूच केलंस. मोठं वाक्य नाही. सात बुचं दिली तिनं, सात वेळा.

शुक्रवारी संध्याकाळी तापीच्या घाटावरून लोक मला घरी घेऊन आले.

शनिवारी सकाळी अंघोळ केली आणि कारखान्यात गेलो. शेजारची म्हातारी ओरडली, "दादा, सुतक हाय, कुठं चालले?" मी थांबलो नाही. फाटक उघडून आत पाय टाकणार तोच बुवांनी मला पाहिलं. "तिथंच थांब! सुतकात आत येऊ नकोस, पिंपं चालू आहेत." त्यांचंही खरं. नाक्यावरच्यासारखा मी फाटकाच्या बाहेर उभा राहिलो. बायका बाटल्या घेऊन बसलेल्या. मला बघून त्यांचे हात थांबले.

मी मोठ्यानं सांगितलं. बुचं सगळी वर्षं ती निवडत होती. मला वास येत नाही. शाल तिची आहे. शेवटच्या खेपेला तिचं नाक गेलं होतं, तिनं मला आधी सांगितलं होतं, मीच बसवली. या वेळी म्हणालो ते खोटं. एवढं सगळं फाटकात उभं राहून ओरडलो, रस्त्यानं जाणारे दोघे थांबून बघायला लागले.

बुवा म्हणाले, "डोकं ठिकाणावर नाही याचं. घरी पोचवा रे कोणी." आणि पिंपांच्या खोलीत गेले.

रखमा उठून फाटकापाशी आली. ओले हात लुगड्याला पुसत म्हणाली, "दादा, हे आमाले म्हाईत होतं."

"काय माहीत होतं?"

"हेच. पैल्या सालापासून. बुवांलेबी म्हाईत होतं. बुवांले सोन्याचं नाक दाखवायले माणूस पाहिजे होता, बाई दाखवून काय करतील?"

"मग कोणी बोललं काबरं नाही?"

"मी बोलणार होती त्या दिवशी, भर अंगणात. आधी तिच्याकडे गेली. तिनं हात धरला माह्या. म्हणे, तू नको बोलू रखमा, ते सोता सांगतील." तिनं मागं पिंपांच्या खोलीकडे पाहिलं. "मी विचारत राहायची मधून मधून. सांगितलं का, म्हणून. ती म्हणे, सांगतील. मंगळवारी सकाळीबी भेटली होती वाटेवर. आज बाटल्या भरतो म्हणे, दोघंच हावो घरी, सांगतील आज."

मी फाटकाची कडी धरून उभा होतो.

"सांगितलं का मंग तिले?" रखमानं विचारलं.

मी नाही म्हटलं.

ती वळली. हौदाकडे गेली, बाटली उचलली, आत ब्रश घातला. मी फाटक लावून घेतलं आणि घरी आलो.